एजंटाची उचल की किसान कार्ड? हिशेब मांडून बघूया



१ जून ते ३१ जुलै असे बंदीचे ६१ दिवस ट्रॉलर आणि यांत्रिक होड्या बांधून ठेवाव्या लागतात. होडी थांबते, पण खर्च थांबत नाही. जाळी शिवायची, इंजिनचं काम काढायचं, खलाशांना आगाऊ पैसे द्यायचे, आणि १ ऑगस्टच्या पहिल्या फेरीसाठी डिझेल-बर्फ भरायचं. म्हणजे पैसा लागतो तो नेमका मासळी नसताना. मग आपण एजंटाकडे जातो. तो कागद मागत नाही, रात्री फोन केला तरी सकाळी पैसे देतो. हे खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. पण त्या उचलीची खरी किंमत किती पडते, हे आपल्यापैकी फार थोड्या जणांनी कागदावर मांडून बघितलंय. आज ते मांडूया.

शेतकऱ्याचं कार्ड आपलं कसं झालं?

किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झालं. शेतकरी जमिनीचा उतारा दाखवतो आणि बी-बियाणं, खत, मजुरी यासाठी बँकेतून कमी व्याजाने पैसे उचलतो. आपण या योजनेत नव्हतो. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मच्छीमार आणि पशुपालकांनाही हे कार्ड देण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना तशा सूचना दिल्या. शेतकऱ्याला जसं बियाणं, तसं आपल्याला डिझेल आणि बर्फ, हे सरकारने तेव्हा मान्य केलं.

शेतकरी एक-चौदाचा उतारा दाखवतो, तिथे आपण होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना दाखवायचा. होडी स्वतःचीच पाहिजे असं नाही. नोंदणी झालेली होडी भाड्याने घेतलेली असली तरी चालते. बचत गट, संयुक्त देयता गट आणि महिलांचे गटही यात बसतात.

पैसे कशासाठी मिळतात?

चालू खर्चासाठी. इंधन, बर्फ, मजुरी, जेटीवर लागण्या-उतरवण्याचा आकार. नवीन इंजिन किंवा नवीन होडी यात येत नाही, त्याचं कर्ज वेगळं. कार्डाच्या पैशातून इंजिन घेतलं तर मोसम सुरू होताना डिझेलला परत एजंटच गाठावा लागेल. एका होडीला चालू खर्च किती धरायचा, हे जिल्हा पातळीवरची तांत्रिक समिती ठरवते. तुमची मर्यादा बँक त्यावरून काढते.

व्याज किती?

मूळ दर ७ टक्के. ठरल्या तारखेच्या आत फेड केली तर ३ टक्के सूट, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. फक्त मच्छीमारीसाठी काढलेल्या कर्जावर ही सवलत २ लाख रुपयांपर्यंत आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५-२६ साठी हेच दर चालू ठेवले. तसंच १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती व जोडधंद्याच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता हिशेब

समजा, १ ऑगस्टला कार्डातून ६०,००० रुपये काढले. १ नोव्हेंबरला ३०,००० भरले आणि उरलेले १ मार्चला. कार्डाचं खातं फिरतं असतं, त्यामुळे जेवढी रक्कम जितके दिवस वापरली तेवढ्यावरच व्याज लागतं. पहिले ९२ दिवस ६०,००० वर, पुढचे १२० दिवस ३०,००० वर. ७ टक्क्यांनी एकूण व्याज साधारण १,७५० रुपये. तारीख पाळल्याची सूट मिळाली की साधारण १,००० रुपये.

आता तेच ६०,००० एजंटाकडून घेतले असं धरूया. तो म्हणतो, "व्याज नको, मासळी तेवढी मलाच घाला." ऐकायला किती बरं वाटतं! पण मोसमात त्याला ४,००० किलो बांगडा-तारली घातली आणि लिलावापेक्षा किलोमागे ५ रुपये कमी मिळाले, तर २०,००० रुपये गेले. अगदी १ रुपयाच फरक धरला तरी ४,००० होतात, म्हणजे बँकेच्या चौपट. शिवाय मूळ ६०,००० उभेच, आणि ते फिटेपर्यंत भाव ठरवायचा हक्क त्याचा. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे किलो आणि तुमचा फरक घालून घरी करून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं: फेडीची तारीख

कार्डाचा फायदा तारखेवर टिकतो. तारीख चुकली की ३ टक्क्यांची सूट गेली. आणि आपल्या धंद्यात तारीख चुकण्याचं मोठं कारण म्हणजे ती जून-जुलैत पडणं. तेव्हा हातात पैसा नसतो, मग बँक फेडायला पुन्हा एजंटाची उचल. म्हणजे ज्यातून सुटायला कार्ड काढलं, तिथेच परत.

म्हणून कर्ज मंजूर होतानाच बँकेत स्पष्ट सांगा: "आमचा पैसा ऑगस्ट ते मे या काळात येतो, फेड त्या हिशेबाने लावा." उत्पन्न येईल तशी फेड लावण्याची सोय या योजनेतच आहे. पण मागितल्याशिवाय बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. मासळी चांगली लागली त्या आठवड्यात थोडं-थोडं भरत राहा. मे महिन्यात एकदम भरू म्हणणाऱ्याचा मे कधी येतो, ते आपल्याला माहीत आहे.

बँकेत जाताना

आधार कार्ड, बँकेचं पासबुक, फोटो, होडीची नोंदणी, चालू परवाना, होडी भाड्याची असेल तर करारपत्र. परवान्याची मुदत आधी तपासा. ज्यांची शेतीही आहे आणि पिकाचं कार्ड आधीच आहे, त्यांनी त्याच शाखेत मच्छीमारीची मर्यादा जोडून मागावी.

आणि एजंटाशी भांडण नको. जुनी उचल हिशेब करून फेडा, फेडल्याची चिठ्ठी लिहून घ्या. पुढेही मासळी त्याला घालता येईल, पण लिलावाच्या भावाने.

अर्ज भरायला मदत लागली तर कागद घेऊन सोसायटीच्या कार्यालयात या. बसून भरूया. हा मजकूर आपल्या होडीवरच्या आणि बाजारात बसणाऱ्या बायकांच्या गटातही पाठवा. बंदी लागायच्या आधी अर्ज गेला, तर १ ऑगस्टला डिझेल आपल्या पैशाने भरता येईल.