पहिला शनिवार किंडरडाइकला दे

मुक्ता, तुझी शनिवारची यादी वाचली. सकाळी कॉकनहॉफ बागेतली ट्युलिप, दुपारी झान्से स्खान्स, संध्याकाळी खीटहॉर्न. अगं बाई, ही तीन दिशांना तीन टोकं! दिवस गाडीतच जायचा. शिवाय कॉकनहॉफ मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, तेव्हा एरवी तिकडे फिरकूच नकोस.

माझं ऐक. रॉटरडॅममध्ये राहायला आलीच आहेस, तर पहिला शनिवार पवनचक्क्यांच्या एकट्या किंडरडाइकला दे. इरासमस पुलाजवळून वॉटरबस मिळते, बोटीत सायकलही घेता येते. छत्री घरीच ठेव. तिथल्या वाऱ्यात ती टिकत नाही, टोपीचं रेनकोट जॅकेट हवं. डबा घे, थालीपीठ उत्तम. आणि निघताना वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाण, म्हणजे दमलेली परत येशील तेव्हा वारा पाठीशी असेल. एक गोष्ट मात्र मनावर घे: फोटोसाठी सायकलच्या वाटेत उभी राहू नकोस. आधी गवतात उतर, मग फोन काढ. तिथे आजीबाईसुद्धा सायकलवर भरधाव येतात.

आता तिथे काय बघायचं ते सांगते, कारण बहुतेक जण पवनचक्क्यांसमोर उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. तू आधी पाणी बघ. बांधावर उभी राहिलीस की एका बाजूला कालवा भरलेला दिसेल आणि दुसऱ्या बाजूला गाई चरताहेत ते कुरण त्याच्याहून खाली. ही उंची डोळ्यांनी मोज. लेक आणि मेरवेडे नद्यांमधला हा अल्ब्लासरवार्डचा सखल पट्टा. जमीन पीटची, मऊ. पाणी काढलं की ती सुकते, हवेने कुजते आणि खचते. खचली की पुन्हा पाणी साठतं, पुन्हा उपसायचं. शेकडो वर्षं हे चक्र चालू आहे. सगळा देश मला त्या बांधावर कळला, म्हणून तुला तिथे पाठवते आहे.

पाण्याचा रस्ता असा. शेतातले चर, चरांतून कालवा, कालव्यातून पवनचक्की ते वरच्या साठवणीत चढवणार, आणि नदीची पातळी उतरली की दारं उघडून पाणी लेकमध्ये सोडायचं. चक्कीच्या पोटातलं चाक कोकणातल्या रहाटाचं भावंड समज. रहाटाला गाडगी असतात, इथे नुसत्या फळ्या. त्या पाणी ढकलत वर चढवतात. एकूण एकोणीस चक्क्या आहेत. त्यांतल्या आठ विटांच्या, १७३८ च्या, आणि त्यांच्या समोरच्या आठ गवताने शाकारलेल्या, १७४० च्या. १९९७ मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरवला. आता उपसायचं काम पंप करतात; पण दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेनासं झालं तेव्हा याच म्हाताऱ्यांनी पुन्हा पाणी ओढलं. मला त्यांच्याबद्दल वाटणारा आदर तिथूनच सुरू होतो.

रस्त्यावरून फिरायला पैसे पडत नाहीत, पण तिकीट काढून एखाद्या संग्रहालय-चक्कीत नक्की शिर. भिंतीत कपाटासारखे बिछाने आहेत, इतके आखूड की पाय पसरून झोपायची सोय नाही. अशा दोन-तीन खोल्यांत मोठी कुटुंबं वाढली, आणि डोक्यावर अख्खं यंत्र घरघरत असे. बाहेर येऊन पाती जवळून बघ. लाकडी जाळी, तिच्यावर शीड बांधायचं. वारा वाढला की चक्कीवाला शीड गुंडाळून कमी करतो, आणि वारा फिरला की मागचं मोठं चाक फिरवून डोकंच वाऱ्याकडे वळवतो. पाती जवळजवळ जमिनीला टेकतात, तेव्हा आखलेल्या जागेच्या आत पाऊल टाकू नकोस. थांबलेल्या पात्यांचीही भाषा असते: उभ्या रेषेच्या जरा अलीकडे थांबवलेलं पातं म्हणजे घरात आनंद, जरा पलीकडे म्हणजे दुःख.

बऱ्याच चक्क्यांत अजून माणसं राहतात गं. दोरीवर कपडे दिसतील, दारात लहान मुलांच्या सायकली. त्यांच्या खिडकीत डोकावू नकोस. अंगणाच्या कुंपणापाशीच थांब. तुझ्या घरात कुणी असं डोकावलं तर आवडेल का?

संध्याकाळच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र सकाळीच बघून ठेव.

आणि वर्षभरात तुझ्या घरी वाटरस्खापचं बिल येईल. हे पाणी सांभाळणारं मंडळ, काही मंडळं तर तेराव्या शतकापासूनची. महापालिकेहून वेगळी, स्वतःचा कर घेणारी. आपल्याकडच्या अनेकांना हे बिल बघून राग येतो. मला वाटतं, किंडरडाइकचा बांध बघून आलेल्या माणसाला येऊ नये. त्यांची निवडणूकही वेगळी, दर चार वर्षांनी; याआधीची मार्च २०२३ मध्ये झाली. राहण्याचा वैध परवाना असला की नागरिकत्व नसतानाही त्यात मत देता येतं. घरी मतदानाचा पास आला तर जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नकोस, मत देऊन ये.