सत्तरी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्यविमा

शेतकरी कुटुंबाच्या कर्जाची कारणे तपासू लागले असता बी-बियाणे, खते आणि विहिरीचे काम यांच्या जोडीला दवाखान्याचा खर्च हमखास आढळतो. पेरणीचा खर्च आधीपासून ठाऊक असतो व त्याची तजवीज करता येते. आजारपण मात्र सांगून येत नाही. घरातील वडीलधारे माणूस ओट्यावरून उतरताना पाय घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते, आणि एक-दोन दिवसांत मोठ्या रकमेची जुळवाजुळव करण्याचा प्रसंग मुलावर येतो. अशा वेळी दुभते जनावर विकले जाते, सोने गहाण पडते किंवा सावकाराकडून उचल घेतली जाते. कित्येकदा तर वृद्ध माणूस स्वतःच ‘आता माझे किती दिवस राहिले’ असे म्हणून शस्त्रक्रिया नाकारते आणि उरलेले आयुष्य खाटेवर काढते. अशा खर्चाची तरतूद शासनाने केलेली आहे. परंतु ती वेळेवर हाती यावयाची, तर तिचे नियम धडधाकट असतानाच समजून घेतले पाहिजेत.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात २०१२ साली झाली. त्या वर्षी २ जुलै रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ८ जिल्ह्यांत सुरू झाली व पुढल्या वर्षी ती सर्व राज्यास लागू झाली. २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील १४ आपद्ग्रस्त जिल्ह्यांमधील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तीत घेण्यात आले. सात-बाराचा उतारा दाखवून त्यांना उपचार मिळू लागले. २०१७ साली या योजनेस महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पुढे २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र शासनाची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. मात्र तिचा लाभ २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या आधारे निवडलेल्या कुटुंबांपुरताच प्रामुख्याने होता. ज्याचे नाव यादीत नाही, तो कितीही म्हातारा व कितीही आजारी असला तरी योजनेबाहेर राहत असे.

ही अडचण २०२४ साली दूर झाली. वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, त्याचे उत्पन्न किंवा जमीनधारणा न पाहता, या योजनेत घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचा आरंभ झाला. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील ६ कोटी वृद्धांना त्याचा लाभ होईल, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला होता. या वृद्धांना जे कार्ड मिळते त्यास ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ असे म्हणतात. वीस एकर बागायत असलेला शेतकरी आणि त्याच्याच शेतावर राबणारा मजूर, दोघेही सत्तरीच्या पुढे असतील तर दोघांचाही हक्क सारखाच आहे.

पीकविमा आणि आरोग्यविमा

विमा हा शब्द शेतकऱ्यास नवा नाही. तथापि पीकविम्याच्या अनुभवावरून आरोग्यविम्याविषयी काही चुकीच्या समजुती होतात. पीकविम्यात हप्त्याचा काही भाग शेतकरी भरतो, नुकसान झाल्यावर दावा होतो आणि मंजूर रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा होते. वय वंदना कार्डात यांपैकी एकही गोष्ट घडत नाही. कार्डधारकास हप्ता भरावयाचा नसतो, तो भार केंद्र व राज्य शासन उचलतात. रक्कम रुग्णाच्या हाती कधीच येत नाही, ती परस्पर रुग्णालयास दिली जाते. त्यामुळे खाजगी दवाखान्यात स्वतःचे पैसे भरून उपचार घ्यावेत व मागाहून पावत्या जोडून रक्कम परत मागावी, असा मार्ग येथे नाही. पैसे भरले ते गेले, असेच समजावे. पावत्यांचा गठ्ठा घेऊन कचेऱ्यांचे हेलपाटे घालणाऱ्या अनेकांची निराशा याच एका गैरसमजातून झालेली असते.

रुग्णालयास मिळणारी रक्कमही ठरलेली असते. प्रत्येक उपचाराचा एक दर निश्चित केलेला आहे व त्यात खाट, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे जेवण यांचा समावेश होतो. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील संबंधित तपासण्या व औषधेही त्यातच येतात. असे असता रुग्णालयाने अनामत रक्कम मागितली किंवा एखादी वस्तू बाहेरून विकत आणावयास सांगितली, तर ते नियमास धरून नाही.

पाच लाखांचा हिशेब

एका वर्षात ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार, एवढे बहुतेकांच्या कानावर असते. हे ५ लाख कोणाचे, याविषयी मात्र घोटाळा होतो. ही मर्यादा माणसागणिक नसून कुटुंबागणिक आहे. समजा, एका घरात ७८ वर्षांचे आजोबा, ७२ वर्षांची आजी, त्यांचा मुलगा, सून व दोन नातवंडे आहेत. आजोबा व आजी यांना दोन वेगळी कार्डे मिळतील, परंतु ५ लाखांची रक्कम दोघांत मिळून एकच राहील. आजोबांच्या हृदयविकारावर त्या वर्षी २ लाख खर्च झाले, तर आजीसाठी त्या वर्षापुरते ३ लाख शिल्लक राहतात.

हे कुटुंब जर पूर्वीपासूनच प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या यादीत असेल, तर वृद्धांसाठीचे हे ५ लाख जादा धरले जातात व सत्तरीच्या आतील मंडळींना त्यातून खर्च करता येत नाही. घरात आधीच एक कार्ड आहे, मग आजोबांसाठी आणखी एक कशास, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर या जादा रकमेत आहे. सुनेच्या शस्त्रक्रियेत कुटुंबाची रक्कम संपली तरी आजी-आजोबांचा वाटा तसाच राहतो.

ज्यांनी खाजगी कंपनीचा आरोग्यविमा घेतला आहे अथवा जे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत, त्यांनाही हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारी आरोग्य योजना आणि माजी सैनिकांची आरोग्य योजना यांच्या लाभार्थींना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत फौजेतून निवृत्त झालेले शेतकरी पुष्कळ आहेत. त्यांनी घाईने जुनी योजना सोडू नये. माजी सैनिकांच्या योजनेत बाह्यरुग्ण म्हणून मिळणारी औषधेही येतात आणि उतारवयात दरमहा जो खर्च टळत नाही तो औषधांचाच असतो.

कार्ड काढताना

कार्डासाठी आधार हाच मुख्य पुरावा आहे. शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. येथेच ग्रामीण भागातील खरी अडचण उभी राहते. आज सत्तरीच्या पुढे असलेल्या अनेकांच्या जन्माची नोंद कोठेही झालेली नाही. दुष्काळाच्या वर्षी जन्म झाला, किंवा थोरला भाऊ शाळेत गेला त्या साली, अशा आठवणींवरून वय सांगितले गेले आणि आधारची नोंदणी करणाऱ्याने अंदाजाने एक वर्ष लिहून टाकले. परिणामी ७५ वर्षांच्या आजीचे वय आधारवर ६६ निघते व ती अपात्र ठरते. योजनेच्या दृष्टीने आधारवर लिहिलेले वयच ग्राह्य मानले जाते, दिसणारे वय नव्हे. घरातील मुलांनी आजच आधार काढून जन्मवर्ष पाहावे व चूक आढळल्यास आधार केंद्रात पुराव्यासह दुरुस्ती मागावी. जन्मतारखेची दुरुस्ती सामान्यतः एकदाच करता येते, म्हणून कागद पुरेसे जमवूनच जावे.

दुसरी अडचण बोटांची. जन्मभर विळा, खुरपे आणि नांगराची मूठ धरलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसा उचलत नाही. ठसा उमटला नाही म्हणून वृद्धास परत पाठविण्याचे कारण नाही. ओळख पटविण्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक, डोळ्यांच्या बुबुळाची नोंद किंवा चेहऱ्याची ओळख, असे अन्य मार्गही उपलब्ध आहेत. मोबाइल क्रमांक जुना होऊन बंद पडला असल्यास तोही आधीच बदलून घ्यावा. आयुष्मान या मोबाइल अ‍ॅपवरून घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला ही नोंदणी घरबसल्या करता येते. ते शक्य नसल्यास सेवा केंद्रात किंवा योजनेतील रुग्णालयात जावे. गावातील आशा कार्यकर्तीस याची माहिती असते.

नोंदणी झाल्यावर लाभासाठी वाट पाहावी लागत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासून असलेले आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. खाजगी विम्यात वृद्धांना सर्वांत जास्त आडवी येणारी अट हीच असते, आणि येथे ती मुळातच नाही.

काय मिळते व काय मिळत नाही

सुमारे दोन हजार प्रकारचे उपचार या योजनेत येतात. उतारवयात वरचेवर लागणारे हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरील उपचार, पेसमेकर, खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया, पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया, मूत्रपिंड निकामी झाल्यावरचे डायलिसिस, पक्षाघातावरील उपचार हे त्यांत आहेत. काही उपचार राज्याने केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. शिवाय प्रत्येक रुग्णालय सर्वच उपचारांसाठी अंगीकृत नसते. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेले रुग्णालय हृदयविकारासाठी असेलच असे नाही. म्हणून गाडी भाड्याने ठरविण्यापूर्वी फोन करून विचारावे. १४५५५ हा केंद्राच्या योजनेचा निःशुल्क क्रमांक आहे. मुलाकडे सुरतेस किंवा इंदुरास राहावयास गेलेल्या वृद्धासही हेच कार्ड चालते, कारण योजना राबविणाऱ्या कोणत्याही राज्यातील अंगीकृत रुग्णालयात उपचार घेता येतात.

या योजनेची मोठी मर्यादा अशी की रुग्ण दाखल झाल्याखेरीज ती लागू होत नाही. दरमहाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी, यांस ती उपयोगी पडत नाही. केवळ तपासण्या करून घेण्यासाठी दाखल होणेही मान्य नाही. या खर्चासाठी दुसरी वाट धरावी लागते. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी व उपचार निःशुल्क केले. रक्तदाबाची गोळी नेमाने घेतली तर पक्षाघाताचा धोका पुष्कळ कमी होतो. ज्या घरात कार्ड आहे पण गोळ्या मात्र परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड दिल्या जातात, तेथे ते कार्ड वापरण्याची पाळी लवकर येते.

रुग्णालयात गेल्यावर

योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी नेमलेला असतो. रुग्णास आत नेताच घरच्यांपैकी एकाने थेट त्याच्याकडे जावे, आधार व कार्ड दाखवावे आणि योजनेखाली नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी. ठरलेल्या उपचारास प्रथम मंजुरी घ्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी उपचार आधी सुरू करून मंजुरी नंतर घेता येते, म्हणून मंजुरी आली नाही या सबबीवर कोणी अत्यवस्थ रुग्णास ताटकळत ठेवीत असल्यास तेथूनच तक्रार क्रमांकावर कळवावे. पैसे मागितले गेल्यास कशासाठी ते स्पष्ट विचारावे, आणि भरणे भागच पडले तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. ती पावती जिल्हा तक्रार निवारण समितीपुढे कामी येते. घरी सोडतानाच्या कागदावर आजाराचे नाव, केलेला उपचार व पुढील औषधे लिहिलेली असतात. तो कागद नीट जपावा, आणि पुढील १५ दिवसांची औषधे रुग्णालयाकडूनच मागून घेऊन मग रुग्णास गाडीत बसवावे.