पावसाळ्यासाठी प्रकाशाची बेगमी

वैशाख सरत आला की आपल्या घरांतून पावसाळ्याच्या बेगमीची लगबग सुरू होते. धान्याला ऊन दाखविले जाते, पापड-सांडगे डब्यांत भरले जातात, लसणाच्या जुड्या टांगल्या जातात, आणि खिडकीच्या जाळीतील कुंड्या मात्र, आता पाऊस येणारच आहे, पाण्याची ददात नाही, एवढ्या भरवशावर सोडून दिल्या जातात. पाण्याची ददात त्यांना खरोखरच राहत नाही. त्या चार महिन्यांत तुटवडा पडतो तो प्रकाशाचा, आणि त्याची तजवीज मृग लागण्यापूर्वीच केली पाहिजे, हे नवी मुंबईतील घरच्या घरी भाजीपाला पिकवू इच्छिणाऱ्या मंडळींना आग्रहाने सांगावयाचे आहे.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. नवी मुंबई १९ उत्तर अक्षांशावर वसलेली असल्यामुळे जूनच्या उत्तरार्धात येथील दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने आर्द्रा-पुनर्वसूचा काळ हा प्रकाशाच्या सुबत्तेचा असावयास हवा. परंतु पारसिकच्या डोंगरावर ढगांनी एकदा ठाण मांडले की निरभ्र दुपारी उघड्यावर मिळणारा सुमारे एक लाख लक्सचा प्रकाश दहा-पंधरा हजारांवर उतरतो, खिडकीच्या आत हातभर अंतरावर तो हजार-दीड हजार उरतो, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पुष्कळदा दोनशेही भरत नाही. आपल्या डोळ्याची बाहुली अंधुक उजेडात विस्फारून हे न्यून भरून काढते व म्हणून खोली आपणांस पुरेशी उजळ भासते. पानाला तशी सोय नाही. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजची रचना करताना चार्ल्स कोरिया यांनी घरांना उघड्या आकाशाखालचे अंगण राखून ठेवले होते, त्यामुळे तेथील रहिवाशांना या खटाटोपाची निकड कमी. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे किंवा खारघर येथे समोरासमोर उभ्या राहिलेल्या इमारतींतील खालच्या मजल्यांवरील कुटुंबांना ती फार आहे.

दिवा आणण्याच्या आधी उणीव मोजावी. मोबाइल फोनमध्ये लक्स मोजणारे ॲप विनामूल्य मिळते. त्याचा आकडा काटेकोर नसला तरी अंदाजपत्रकापुरता उपयोगी पडतो. फोनचा पडदा वर, जिकडून उजेड येतो तिकडे करून, रोप जेथे ठेवावयाचे तेथे सकाळी ९, दुपारी १२ व सायंकाळी ४ वाजता अशी तीन दिवस नोंद करावी, व त्यांपैकी एक दिवस तरी ढगाळ असावा. मनी प्लांट, नेचे, स्नेक प्लांट ही अल्पसंतुष्ट मंडळी हजार लक्सांतही तग धरतात. त्यांच्यासाठी वीज जाळण्याचे कारण नाही. दिव्याचा खरा लाभ मेथी, कोथिंबीर, आळीव, पुदिना, तुळस आणि मिरची-टोमॅटोची रोपे यांना होतो. भर पावसात तुर्भ्याच्या घाऊक बाजारात कोथिंबिरीची आवक घटून जुडीचा भाव कसा चढतो हे ज्या गृहिणीने अनुभविले आहे, तिला घरच्या एका ताटभर कोथिंबिरीचे मोल सांगावे लागणार नाही.

आता दिवा कोणता? बाजारात जांभळट उजेड फेकणारे ग्रो लाइट ‘झाडांसाठी खास’ म्हणून विकले जातात. पानातून काढून काचनळीत घातलेले हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश अधिक शोषते, या पाठ्यपुस्तकातील आलेखावर त्या जांभळेपणाची भिस्त आहे. परंतु के. जे. मॅक्री यांनी बावीस पिकांच्या जिवंत पानांवर घेतलेली मोजमापे १९७२ साली प्रसिद्ध झाली, आणि हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणाच्या कामी चांगल्यापैकी येतो असे त्यांतून दिसून आले. ज्या निळ्या डायोडसाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच डायोडवर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन आपला साधा पांढरा एलईडी तयार होतो. त्यात निळा, हिरवा व लाल हे तिन्ही भाग कमीअधिक प्रमाणात असतात. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले की काळे, त्यावर मावा बसला की भुरी आली, हे डोळ्यांना ओळखताच येत नाही, आणि शेतकऱ्याला पिकाचा रंग दिसू न देणारा दिवा मी तरी कोणास घ्यावयास सांगणार नाही. पालेभाजीसाठी ६५०० केल्विनचा अथवा ४००० केल्विनचा पांढरा दिवा घ्यावा. तो कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळतो व बिघडल्यास तेथेच बदलून मिळतो.

किती दिवे लागतील याचा हिशेब मात्र सावकाश करावा, कारण पुष्कळांचे प्रयोग फसतात ते येथेच. चार फूट लांब व एक फूट रुंद फळी धरू. तिचे क्षेत्र सुमारे ०.३७ चौरस मीटर होते. २० वॅटची चार फुटी एलईडी बॅटन साधारणतः २,००० ल्यूमेन प्रकाश देते, तेव्हा अशा तीन बॅटनांचा प्रकाश ६,००० ल्यूमेन. फळीच्या बाजूंना पांढरा रंग दिलेले पत्रे उभे केले तर त्यांपैकी सत्तर टक्के, म्हणजे ४,२०० ल्यूमेन, पानांवर पडतो असे मानण्यास हरकत नाही. त्यास ०.३७ ने भागले असता सुमारे ११,००० लक्स येतात. पांढऱ्या एलईडीचे सुमारे ७० लक्स म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मापाने दर चौरस मीटरला दर सेकंदास एक मायक्रोमोल, या हिशेबाने आपल्या फळीवर १६० मायक्रोमोल मिळतात, आणि १४ तास दिवा चालविला तर दिवसाकाठी ८ मोलची जमा होते. कोवळ्या पालेभाजीला, आळीव-मोहरीच्या मायक्रोग्रीनला आणि सर्व तऱ्हेच्या रोपांना एवढे पुरते; मिरचीला घरात फळे धरावयाला लावण्यास ते पुरत नाही, आणि तो हट्ट पावसाळ्यात धरूही नये. खर्चाची बाजू पाहता ६० वॅट १४ तास म्हणजे रोज ०.८४ युनिट, दरमहा सुमारे २५ युनिट. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १०० व ३०० युनिटांशी टप्पा बदलतो, म्हणून आपले मागील देयक पाहून ही २५ युनिटे कोणत्या टप्प्यात पडतील ते आधीच ताडून घ्यावे.

दिवा पानांच्या शेंड्यापासून आठ ते दहा इंचांवर असावा व साखळीने वरखाली करता यावा. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी एकच बल्ब तीन फूट उंच टांगला होता. मेथी चार दिवसांत उगवली, आठव्या दिवशी उजेडाच्या शोधात सुतासारखी लांबली आणि दहाव्या दिवशी ताटभर आडवी झाली. छोट्या बल्बपासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो. लांब बॅटनच्या बाबतीत ही घट जवळच्या अंतरावर निम्म्याच्या आसपास राहते, आणि बल्बापेक्षा बॅटन सोयीची ठरते ती याही कारणाने.

ज्यांचा सोल्डरिंगचा हात बसलेला आहे, त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २४ व्होल्टची एलईडी पट्टी आणून ती ॲल्युमिनियमच्या चॅनलवर चिकटवावी. १२ व्होल्टपेक्षा २४ व्होल्टच्या पट्टीत तेवढ्याच वॅटला निम्मा विद्युत्प्रवाह लागतो व दूरचे टोक तितके मंद पडत नाही. ६० वॅटच्या पट्टीला ७५ वॅटचा एसएमपीएस द्यावा, तो फळीच्या खाली न ठेवता बाजूला उंच लावावा. विजेचा मोठा हिस्सा एलईडीतही उष्णतेतच जातो, आणि ती उष्णता ॲल्युमिनियमने ओढून घेतली नाही तर दिवे वर्षभरातच मंदावू लागतात.

एका गोष्टीविषयी मात्र कळकळीने बजावतो. निकामी झालेले घरगुती बल्ब फोडून त्यांतील एलईडीच्या चकत्या उघड्याच वापरण्याचा काटकसरी मार्ग कोणी अवलंबू नये. त्या स्वस्त बल्बांतील सर्किट पुष्कळदा विजेच्या मुख्य प्रवाहापासून विलग केलेले नसते, आणि वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या त्या चकतीला ओला हात लागला तर २३० व्होल्टचा धक्का बसू शकतो. जेथे पाणी शिंपडावयाचे तेथे वीज आणीत आहोत, ही जाणीव क्षणभरही सुटता कामा नये. अर्थिंग असलेलाच प्लग घ्यावा. घराच्या वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात, नसेल तर आधी तो बसवून घ्यावा. आणि वायर सॉकेटात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाशीच टपकते. खाडीकाठच्या खारट, दमट हवेने जोडण्यांवर हिरवट गंज चढतो, सबब दर पंधरवड्याला मेन बंद करून त्या तपासाव्यात.

दिवा किती वेळ चालवावा हेही पिकागणिक ठरते. गार्नर व ॲलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर केलेल्या प्रयोगांतून दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध १९२० साली जगापुढे आणला. आपल्याकडे पॉलिहाउसमधील शेवंतीला रात्री दिवे लावून तिची फुले लांबविली जातात, आणि ड्रॅगन फ्रूटचे काही बागाइतदार उलट हेतूने, थंडीत फुलोरा आणण्यासाठी, रात्री बागेत एलईडी पेटवितात. घरातही हाच नियम चालतो. कोथिंबिरीला १६ तासांवर प्रकाश दिला तर ती पाने सोडून फुलोऱ्यावर येण्याची घाई करते, म्हणून १२ ते १४ तास पुरेत. शेवंतीची कुंडी मात्र या फळीपासून दूरच ठेवावी. पहाटे ६ ते रात्री ८ अशी वेळ टायमरच्या सॉकेटावर लावून दिली की विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

दिवा लागला म्हणून पाणी वाढवू नये. जुलैच्या हवेत बाष्प इतके असते की कोकोपीट दोन-दोन दिवस ओले राहते, आणि बुंध्याशी बुरशी येऊन रोपे कोलमडतात. एक लहान पंखा दिवसातून तीन-चार तास मंद चालविल्यास हे बव्हंशी टळते. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओतून त्या घासाव्यात, कारण डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

मृग ८ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी आठ दिवस फळी उभी करून, दिवे लावून, पानांच्या उंचीवर लक्स मोजून पाहावेत, आणि पहिले ताट आळिवाचे पेरावे. ते आठ-दहा दिवसांत कापणीला येते.