अपघाताची बातमी: पहिल्या फोनपासून डेस्कपर्यंत

फोन येतो, "घाटात जीप दरीत गेली, पाच जण गेले." मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. लगेच लिहायला बसू नका; तो पाच आकडा अजून कोणाचाच नाही. आधी ठाणे अंमलदाराला जागा, वेळ आणि वाहने विचारा. घटनास्थळ जवळ असेल तर गाडी काढा.

तिथून थेट रुग्णालय. पोलीस तीन मृत सांगतात आणि वैद्यकीय अधिकारी चार, असे पुष्कळदा होते. मधल्या वेळेत उपचारादरम्यान कोणी दगावलेले असते. दोघांनाही पुन्हा विचारा. तरीही आकडा जुळला नाही, तर ज्याचा आकडा त्याच्या नावावर छापा.

आता सगळ्यात जिकिरीचे काम, नावे. मृत आणि जखमी यांच्या याद्या वहीच्या वेगवेगळ्या पानांवर घ्या. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय, गाव. मग ती यादी नातेवाइकाला मोठ्याने वाचून दाखवा. 24चे 42 होते, बुद्रुकचे खुर्द होते, आणि भलत्याच घरासमोर माणसे जमतात. घरच्यांना कळल्याची खात्री नसेल तर नाव थांबवा, मग दुसऱ्या पेपरात आधी आले तरी चालेल.

'चालकाचा ताबा सुटल्याने' हे हाताला लागलेले वळण आहे. ताबा सुटताना पाहिला कोणी? फिर्याद वाचा आणि 'असे फिर्यादीत म्हटले आहे' हे शब्द गाळू नका. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लागते. जुने 304-अ सवयीने लिहू नका.

इंट्रोत कुठे, कधी, किती मृत, एवढेच. पेपर उद्या वाचला जाणार, म्हणून 'आज' नको, वार लिहा. लगेच नावे, मग घटनाक्रम. वाहतूक खोळंबल्याचे त्याखाली आणि नेत्यांचा शोक तळाशी. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. शोक गेला तर कोणाचे अडत नाही.

बातमी पाठवली तरी पान सुटण्याआधी रुग्णालयात आणखी एक फोन करा. आकडा वाढला असेल तर डेस्कला तो इंट्रो, हेडिंग आणि फोटोओळ अशा तिन्ही ठिकाणी बदलायला सांगा. फोटोओळ हमखास राहते.