नागासाकीच्या टेकडीवरील वसईकर

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधून निघून आगगाडीने उत्तरेकडे जाऊ लागले, की भाईंदर मागे पडताच पुलाखाली वसईची खाडी दिसते. पलीकडे नायगाव आणि त्यापुढे वसई. सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या अमदानीत, या वसईत गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा वाढला. त्याचे वडील पोर्तुगीज शिपाई होते. आई मात्र येथलीच. ऐन किशोरवयात तो जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तेथील भाषा त्याने आत्मसात केली. मध्यंतरी त्याने व्यापारही केला. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन पंथात शिरला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा सेवक-बंधू म्हणून. इ. स. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता हे धर्मगुरू जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांचा दुभाषी हाच वसईकर होता.

काही वर्षांनी हिदेयोशीचे मन परकीयांविषयी साशंक झाले. १५९६ च्या अखेरीस धरपकड झाली. बंदिवानांच्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि भर हिवाळ्यात क्योतोपासून नागासाकीपर्यंत शेकडो मैलांची वाट त्यांना बहुतांशी पायी तुडवावी लागली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांतील वीस जपानी होते. १८६२ साली या सर्वांना संतपद देण्यात आले.

त्या घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९६२ मध्ये, त्याच टेकडीवर स्मारक उभारले गेले. शिल्पकार होते यासुताके फुनाकोशी. मुलांनो, त्यांच्यापुढची अडचण ध्यानात घ्या. गोन्सालोला पाहिलेला माणूस जगात उरला नव्हता. त्या काळी छायाचित्रेही नव्हती. मग हुतात्म्याचा देह घडवायचा कशाच्या आधारे?

पूर्वीच्या चित्रकारांनी प्रसंगाचा आधार घेतला होता. सतराव्या शतकातील फ्रेंच कोरीवकार जाक कालो याच्या चित्रात क्रुसांच्या रांगा आहेत, खाली बघ्यांची गर्दी आहे. ते चित्र पाहताना आपले लक्ष मारणाऱ्यांकडेही जाते. फुनाकोशींनी हे सारे गाळले. त्यांच्या शिल्पात भाले नाहीत, पहारेकरी नाहीत. देह टांगलेले क्रूससुद्धा नाहीत. भिंतीवर सव्वीस पूर्णाकृती कांस्यमूर्ती एका ओळीत आहेत. बहुतेकांचे हात जोडलेले व दृष्टी वर लागलेली. घाईने पाहणाऱ्यास त्या सर्व सारख्याच वाटतील.

परंतु त्यांच्या पायांकडे पाहावे. माणूस उभा असला, की त्याचे तळवे जमिनीवर सपाट टेकतात, हे चित्रकलेच्या तासाला तुम्ही शिकलाच आहात. येथे पावले खाली झुकलेली आहेत, बोटे भूमीकडे वळलेली आहेत. या मूर्ती कशावरही उभ्या नाहीत. क्रुसावरील देहाचे पाय असेच लोंबतात. आणि वर उचलल्या जाणाऱ्या देहाचेही. शिल्पकाराने दोन्ही अर्थ एकाच रेषेत ठेवले. माझ्या मते चेहऱ्यांपेक्षा ही पावलेच अधिक बोलतात.

या ओळीत तीन मूर्ती इतरांपेक्षा ठेंगण्या आहेत. त्या मुलांच्या आहेत. त्यांतील लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा होता.