बोर्ड गेला? कशावरून?

समुद्रकाठच्या घरात एसी बंद पडला की निदान आधीच ठरलेलं असतं. "बोर्ड गेला. खारी हवा आहे ना तुमच्याकडे." देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात ज्यांचं होमस्टे आहे त्यांना हे वाक्य पाठ असेल. याच वाक्याच्या जोरावर माझ्या एका एसीत दोन नवे बोर्ड बसवले गेले आणि दोन्हींची बिलं माझ्या हातात ठेवली गेली. जुन्या बोर्डांपैकी एकही गेलेला नव्हता.

एसी दिवसा उत्तम चाले. रात्री उशिरा मात्र बाहेरचं युनिट थांबायचं, आतल्या युनिटचा दिवा लुकलुकायला लागायचा आणि पाहुणे घाम पुसत माझं दार वाजवायचे. सकाळी ऊन चढलं की तोच एसी पुन्हा शहाण्यासारखा सुरू. हे सगळं मी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या माणसाला नीट सांगितलं. तो आला भर दुपारी, म्हणजे एसी ठणठणीत असताना. झाकण उघडलं, बोर्डाचा फोटो काढला, त्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि उत्तर येईपर्यंत आमचा चहा घेतला. उत्तर आलं, "पीसीबी बदला." मीटर त्याच्या बॅगेत होता. मी बघितला होता, पिवळ्या रंगाचा. तो बॅगेतच राहिला.

आधी आतला बोर्ड बदलला. काही रात्री बऱ्या गेल्या, मग पुन्हा तेच. "मग बाहेरचा असणार, सर." बाहेरचा आतल्यापेक्षा महाग असतो, हे वेगळं सांगायला नको. रात्रीच का बंद पडतो, असं मी पुन्हा विचारलं. "होतं असं, सर. समुद्राजवळ आहे ना." समुद्राला काय, कोणी काही म्हणा, तो थोडाच ग्राहक आयोगात जाणार आहे!

दोष सापडला तो मालवण बंदरात ट्रॉलरवरचे फिशफाइंडर आणि वायरलेस दुरुस्त करणाऱ्या एका काकांमुळे. एसी हे त्यांचं कामच नव्हे, ते शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला आले होते. मी रडगाणं सुरू केलं तर त्यांनी मध्येच तोडलं आणि एकच विचारलं, "रात्रीचोच बंद पडता मां?" इतक्या दिवसांत 'कधी' हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. पुढे म्हणाले, "बोर्ड बरो आसा. हेका निरोपच पोचणा नाय."

इन्व्हर्टर एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या युनिटचं सतत बोलणं चालू असतं. किती गार हवंय, कॉम्प्रेसर किती वेगाने फिरवायचा, हे दोघांमधल्या वायरमधून बारीक सिग्नलने जातं. तो सिग्नल तुटला की दोन्ही बोर्ड धडधाकट असूनही एसी थांबतो आणि दिवा लुकलुकतो. त्या लुकलुकण्याचा अर्थ कंपनीच्याच पुस्तिकेत 'कम्युनिकेशन एरर' असा दिला होता. बोर्ड जळाला, असा नव्हे.

काकांनी मेन स्विच पाडायला लावला आणि बाहेरच्या भिंतीवरून वायर हाताने चाचपत निघाले. छज्ज्याखाली, पाइपाबरोबर गुंडाळलेल्या पट्टीत, एक गाठ हाताला लागली. एसी बसवताना वायर कमी पडली म्हणून तिथे जोड देऊन वर काळी टेप मारलेली. टेप सोडवली तर आत तांब्याची हिरवी भुकटी. मीटर लावला, तर जोडाच्या अल्याड-पल्याड धड वाट नव्हती.

रात्रीचं कोडंही तिथेच सुटलं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. आमच्याकडे रात्री ती सहज त्याच्या वर जाते. ओल्या मिठातून वीज भलतीकडे झिरपते, सिग्नल बिघडतो. दिवसा ऊन लागून जोड सुकतो. तंत्रज्ञाने माझं म्हणणं ऐकलं असतं तर पहिल्याच फेरीत हे हाती लागलं असतं. आणि तो जोड कोणी दिला होता? त्यांच्याच बसवणाऱ्या टोळीने. ते सांगितल्यावर मला ऐकवण्यात आलं की वायरिंग आमच्या कक्षेत येत नाही.

तर आता ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी. बोर्ड बदलायला होकार देण्याआधी एकच विचारा : कशावरून? कुठे किती व्होल्ट मिळाले, कुठे मिळाले नाहीत, ते आकडे कागदावर मागा. बोर्ड खरोखर गेला असेल तर सहसा काहीतरी दाखवता येतं. फुगलेला कपॅसिटर, जळका डाग, आत शिरून चिकटलेली पाल (हसू नका, हे फार होतं). वळवाच्या विजा झाल्यावर उपकरण मेलं असेल तर फ्यूज आणि त्याच्या शेजारची चपटी निळी किंवा काळी चकती, म्हणजे एमओव्ही, आधी बघायला सांगा. जादा दाब स्वतःवर घेऊन ती फुटते. पुष्कळदा तेवढीच बदलून काम होतं, आणि ती चकती काही रुपयांना मिळते.

स्वतः मात्र बाहेरचं युनिट उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त डीसी दाब काही काळ टिकून राहतो.

नवीन एसी बसवताना समोर उभे राहा. आतल्या युनिटपासून बाहेरच्यापर्यंत वायर अखंड हवी. कमी पडली तर दुसरी आणायला लावा, दुकान बंद झालं असेल तर उद्या या म्हणा. जोड टाळताच येत नसेल तर लग नीट पंच करून, गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवून, बंद डबीत. नुसती काळी टेप आमच्या हवेत टिकत नाही, हे बोटवाल्यांना कधीचं माहीत आहे.

स्टॅबिलायझर, अर्थिंग वगैरे सगळे सांगतातच, तेही बघा. अर्थिंगचा लोखंडी पाइप खारट वाळूत खालून कुजतो, वरून कळत नाही. वीज खंडित झाल्यावर मेन पाडून ठेवा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात खांब कोसळून आमच्या किनाऱ्यावर दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळी लाइन आल्याआल्या सगळं एकदम सुरू करायची घाई नको.

पैसे देऊन भाग बदलला असेल तर जुना भाग तुमचा. एक्स्चेंजच्या दरात दिला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते बिलावर लिहिलेलं हवं. माझा पहिला बोर्ड "कंपनीला परत पाठवावा लागतो" म्हणून नेला. दुसऱ्या वेळी मी तो हातातून सोडला नाही. काकांनी तोच परत बसवला आणि एसी रात्रभर चालला. वादात खरा उपयोग झाला तो याच बोर्डाचा.

तक्रार लेखीच करा, फोनवरचं गोड बोलणं कुठेही नोंदलं जात नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील करायलाच हवा असंही नाही.

आयोगाचं नाव पत्रात आल्यावर दुसऱ्या बोर्डाचे पैसे परत आले, व्हिजिट चार्ज कापून. पहिल्याचे अजून नाहीत. तो बोर्ड खराब नव्हता याचा पुरावा द्या, असं ते म्हणतात. बोर्ड त्यांच्याकडेच आहे.