रविवारची सुशी : उपाहारगृहाची पारख

प्रश्न : बुलढाणा जिल्ह्यातून रविवारी दुपारी सुशी खायला जायचे तर उपाहारगृह कसे निवडावे?

उत्तर : सुशीचा पाया म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला चिकट भात. तो रोज ताजा हवा. फ्रिजमध्ये ठेवला की कडक होतो, म्हणून मोजकाच भात शिजवणारे, गिऱ्हाईक असलेले ठिकाण बघावे. समुद्रापासून इतक्या दूर गोठवलेला मासा वापरणे हा दोष नव्हे, उलट तेच योग्य. उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवल्यास माशातील परजीवी मरतात, पण जिवाणू टिकतात. म्हणून मासा कोठून येतो, कसा साठवतात, हे नि:संकोच विचारावे. उत्तर टाळले गेले तर काकडीची किंवा शिजवलेल्या कोळंबीची सुशी मागवावी. खडकपूर्णा, नलगंगेच्या जलाशयातले रोहू-कटला कच्चे कधीच खाऊ नयेत. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्धांनी कच्चा मासा टाळलेलाच बरा. सुशीसाठी मोठ्या शहरात जायचे तर मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगर गाठता येते. नागपूर बरेच लांब. निघण्यापूर्वी फोन करून सुशी रविवारी दुपारी मिळते का, ते विचारावे. पार्सल मात्र घेऊ नये. उन्हातल्या परतीच्या प्रवासात कच्चा मासा सुरक्षित राहत नाही.